तिसऱ्या वळणावर कोण उभं राहणार

जुन्या मोटरसायकलींच्या शर्यतींचा क्लब चालवणं म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, आणि त्या क्लबाचा अध्यक्ष होणं म्हणजे भाकरी करपली म्हणून वर बोलणीही खाणं. पगार नाही, मान नाही, रविवार नाही. म्हणून शहाणी माणसं गाडी पळवतात, टाळ्या घेतात, सभेला उशिरा येतात, आणि खुर्च्या उचलायची वेळ आली की नेमका त्यांना घरून फोन येतो. थांबाराव मूर्ख होते असं कोणी म्हणणार नाही. पण एकसष्टाव्या वर्षी ते अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, हे खरं आहे.

थांबाराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सव्वीस वर्षं ते क्लबाचे तपासनीस होते. शर्यतीच्या दिवशी सकाळी प्रत्येक गाडी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्यासमोर यायची. ते गुडघ्यांचा आवाज करत खाली बसायचे, पुढचं चाक धरून हलवायचे, अॅक्सिलरेटर पिळून सोडायचे आणि तो आपसूक मागे येतो का बघायचे, इंजिनाखालचा तेलाचा बोल्ट तारेनं बांधलाय की नाही ते बोटानं चाचपायचे. मग हात वर करून म्हणायचे, "थांबा." पहिल्या फटक्यात "जा" असं त्यांच्या तोंडून कोणी ऐकल्याचं उदाहरण नाही. पन्नास वर्षं जुन्या गाडीत खोट सापडणार नाही तर काय सापडणार, असं सगळे म्हणत. पण त्या सव्वीस वर्षांत गाडीतल्या बिघाडानं कोणाचं हाड मोडलं नाही, हे मात्र कोणी म्हणत नसे. टळलेला अपघात दिसत नाही, त्यामुळे त्याचं श्रेयही कोणाला मिळत नाही.

नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात केली, फिटर म्हणून, चौतीस वर्षं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घरातही स्वभाव तोच. बायकोनं कपाटाचं दार जरा जोरात लावलं की हे उठून बिजागरी बघायचे. बायको म्हणायची, "अहो, मी लावते तेव्हा दार वाजतं. तुम्ही लावता तेव्हा का वाजत नाही माहितीये? तुम्ही लावतच नाही."

आणि एक लेक होती. सत्तावीस वर्षांची, छापखान्यात मशीनवर कामाला. जिन्याखालच्या अरुंद जागेत तिची गाडी उभी असायची. भंगारातून आणलेल्या सांगाड्यावर बापलेकीनं सात वर्षांत एकेक सुटा भाग जमवून ती उभी केली होती. लेक ती शर्यतीत चालवायची, आणि नुसती चालवायची नाही तर दर मोसमात पहिल्या तिघांत यायची. मुलगी बापाशी जेवढं बोलायची तेवढं सगळं त्या गाडीवरून बोलायची. बाकी विषय दोघांनाही जमत नव्हते.

आता त्या ट्रॅकविषयी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. वापरातून गेलेली एक धावपट्टी आणि तिच्याभोवतीचा रस्ता मिळून तो ट्रॅक होता, पाच वळणांचा. चार वळणं सरळस्वभावाची. तिसरं एका चढावर होतं. चढाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडे काय आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही. तेल सांडलेलं असो, कोणी पडलेलं असो, ते कळतं फक्त तिथं झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. त्यानं पिवळा झेंडा दाखवला तर हळू व्हायचं, लाल दाखवला तर थांबायचं. म्हणून क्लबाचा पहिल्यापासूनचा नियम होता, एक शर्यत पळायची, एक शर्यत उभं राहायचं. जो गाडीवर बसतो त्यालाच उन्हात चमकणारं पाणी कुठलं आणि तेल कुठलं ते कळतं. नियम चांगला होता, आणि चांगल्या नियमांचं होतं तेच त्याचं झालं. पळायला सगळे, उभं राहायला कोणी नाही. कोणी मेहुण्याला पाठवायचा, कोणी ऑफिसातल्या शिपायाला.

मागच्या मोसमात तिसऱ्या वळणावर असाच एक बदली माणूस उभा होता. भला माणूस, सकाळपासून तीनदा विचारून गेला होता की पिवळा कधी आणि लाल कधी. पुढच्या गाडीतून तेल गळलं ते त्याला दिसलं, पण त्याला वाटलं रस्ता ओला आहे. लेक माथ्यावरून आली, चाक सटकलं, आणि ती गाडीसकट तीस पावलं घसरत गेली. भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. गळ्याजवळचं हाड मोडलं, तेवढ्यावर निभावलं. थांबाराव शेडमधून धावले. वयाच्या मानानं ते फार जोरात धावले असं लोक नंतर सांगत, पण त्यांना स्वतःला पाय उचलतच नव्हते असं वाटलं होतं. गाडीत एक खोट नव्हती. त्यांनी ती सकाळी दोनदा तपासली होती. जिथं खोट होती तिथं तपासायचा अधिकार त्यांना नव्हता.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. त्याच सुमाराला क्लबाचे अध्यक्ष, जे दातांचे डॉक्टर होते आणि सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत, त्यांनी आता पुरे म्हणून जाहीर केलं. लगेच शोरूमवाला उभा राहिला. नव्या मोटरसायकली विकायचं त्याचं मोठं दुकान होतं, जुन्या मोटरसायकलींवर खरं प्रेम होतं, आणि बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. त्याचं वचन एकच. यापुढे सभासदांनी कोणी वळणावर उभं राहायचं नाही. तो भाड्यानं माणसं आणील, त्यांना छान जाकिटं देईल, सभासदांनी फक्त पळायचं. क्लबात आनंदीआनंद झाला. सगळ्यांना इतके दिवस जे तोंडानं म्हणता येत नव्हतं ते कोणीतरी म्हटलं होतं.

थांबारावांनी दोन दिवस घरातल्या सगळ्या बिजागऱ्या पुन्हा पुन्हा तपासल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन, एका पेशंटच्या आ वासलेल्या तोंडासमोरच, अध्यक्षपदासाठी आपलं नाव दिलं. डॉक्टर हातातलं हत्यार खाली न ठेवता म्हणाले, "विचार केलात ना? एकदा दिलेलं नाव आपल्याकडे परत घेता येत नाही." हा नियम होता खरा. पूर्वी एकदा दोन्ही उमेदवारांनी एकमेकांचा मान राखून नावं परत घेतली होती, आणि क्लब वर्षभर बिनअध्यक्षाचा चालला होता. "केलाय," थांबाराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. त्यांना वाटलं होतं बायको चिडेल. ती ओट्यापाशी उभी होती, वळली, आणि इतक्या वर्षांत क्वचित बघतात तसं त्यांच्याकडे बघितलं.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्हाला काही दिसतच नाही. सरळ सांगून ती ऐकणारी नव्हती. हे बरं झालं."

"काय बरं झालं?"

"अहो, अध्यक्षाच्या घरचं कोणी पळत नाही ना."

थांबाराव खुर्चीवर बसले. हा नियम त्यांना माहीत नव्हता असं नाही. नियमपुस्तकातल्या दुसऱ्याच पानावर होता. शर्यत थांबवायची घंटा मनोऱ्यावर असते, आणि तिची दोरी अध्यक्षाच्या हातात. पहिल्या अध्यक्षांचा मुलगा एकदा शेवटच्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होता आणि ट्रॅकवर तेल सांडलं. त्यांनी घंटा एक फेरी उशिरा वाजवली. मुलगा जिंकला, आणि मागून येणारा एक जण कंबरेतून मोडला. कंबर मोडलेले तेच गृहस्थ आता काठी टेकत येत आणि शर्यतीच्या वेळा नोंदवत, त्यांना घड्याळवाले म्हणत. त्यांच्यामुळे हा नियम झाला. पण गेली अठरा वर्षं अध्यक्ष होते डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या घरचे लोक सायकललासुद्धा घाबरायचे. नियम पडून राहिला, जुन्या टाकीच्या तळाशी गंज राहतो तसा. दुसऱ्याच्या गाडीतला केसाएवढा तडा हुडकणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायाखालचा खड्डा दिसला नव्हता.

"मी त्यासाठी उभा नाही," ते म्हणाले.

"कशासाठी का असेना," बायको म्हणाली आणि फोन हातात घेतला.

बायकोनं प्रचार केला. क्लबाच्या इतिहासात असा प्रचार झाला नव्हता. तिनं सभासदांना नाही, सभासदांच्या बायकांना, आयांना, एकीच्या तर सासूला फोन केले. म्हणणं सगळीकडे एकच, "आमच्या पोरीला त्या गाडीवरून खाली आणायचंय, तेवढं यांना मत द्यायला सांगा." लोक थांबारावांना रस्त्यात गाठून खांद्यावर हात ठेवायचे. "आम्हालाही मुली आहेत. मत तुम्हालाच." थांबाराव सांगायला जायचे की अहो, झेंड्याचा प्रश्न आहे, तिसऱ्या वळणावर जाणतं माणूस हवं. लोक डोळा मिचकावून म्हणायचे, "हो हो, झेंड्याचाच." बोलणाऱ्याचं तोंड धरता येतं, समजूतदारपणे हसणाऱ्याचं काय धरायचं?

लेकीला हे कळायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी जिन्याखाली ती गाडीची चेन साफ करत होती. थांबाराव पायरीवर बसले होते.

"नियम मला माहिती होता, बाबा," ती म्हणाली. "तुम्हालाही होता."

"लक्षात नव्हता."

"तुमच्या?"

त्यांच्या लक्षात एखादी गोष्ट राहिली नाही, हे त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही पटलं नसतं. त्यांना स्वतःलाही आता नीट पटत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती तीस पावलं पुन्हा पुन्हा दिसायची, आणि मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यानं तो नियम आधीच वाचून ठेवला होता की काय, अशी शंका त्यांना यायची. माणूस दुसऱ्याची गाडी उघडून बघू शकतो, स्वतःला उघडून बघायचं कसं?

"मी तुला थांबवायला उभा नाही," ते म्हणाले. "तू पळावीस आणि तिथं धड माणूस असावं, एवढ्यासाठीच उभा आहे."

"मग हरा."

"हरलो तर तिथं धड माणूस नसेल."

"जिंकलात तर मी नसेन."

तिनं चेनला तेल लावलं, जास्तीचं पुसलं, आणि सवयीनं फडकं त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते सवयीनं घडी घालून ठेवलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. नाव मागे घेता येत नव्हतं. जिंकण्यासाठी झटावं तर लेक जात होती, हरण्यासाठी झटावं तर शोरूमवाल्याची जाकिटं घातलेला कोणीतरी पोरीच्या जिवाची राखण करायला तिसऱ्या वळणावर उभा राहणार होता. त्यात एक दिवस शोरूमवाला स्वतः घरी आला. बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आला, बायकोच्या हातचा चहा प्यायला, जिन्याखाली जाऊन गाडीसमोर दोन मिनिटं टोपी काढून उभा राहिला. लबाडी नव्हती त्यात. निघताना म्हणाला, "निकाल काही लागो, तपासनीस तुम्हीच राहायचं. तुमच्याशिवाय मी कोणाला गाडीला हात लावू देणार नाही." विरोधक नालायक असला की राग तरी धरता येतो. थांबारावांच्या नशिबी तेवढंही सुख नव्हतं.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. उमेदवारांना मत नसतं; ते दोघे सोडून सत्तावन्न सभासद, सत्तावन्नच्या सत्तावन्न हजर. प्रत्येक उमेदवाराला पाच मिनिटं. शोरूमवाला बोलला, लोक हसले, टाळ्या वाजल्या. थांबाराव उठले. त्यांनी एका कागदावर चार मुद्दे लिहून आणले होते. पण माइकचा दांडा सैल होता, आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं की तो हळूहळू मान टाकायचा. त्यांनी खिशातून पाना काढला. नट आवळला, दांडा हलवून बघितला, समाधान झालं नाही, खालचाही आवळला. सभा श्वास रोखून बघत होती. साडेतीन मिनिटं त्यात गेली. मग ते माइकमध्ये म्हणाले, "जो पळतो त्यानंच उभं राहावं. एवढंच." आणि खाली बसले. आपलं भाषण वाईट झालं याचं त्यांना दुःखही झालं आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटण्याची त्यांना आताशा सवय झाली होती.

या क्लबात मतपत्रिका नव्हती. घरातला एक जुना, निकामी झालेला स्पार्क प्लग प्रत्येकानं आणायचा. शेजारच्या अवजारांच्या खोलीत दोन उमेदवारांचे दोन तेलाचे डबे ठेवलेले असत, झाकणाला भोक पाडलेले. एकेकट्यानं आत जायचं, ज्याला मत द्यायचं त्याच्या डब्यात प्लग टाकायचा, बाहेर यायचं. पूर्वजांचा हिशेब साधा होता. अक्षर ओळखू येतं, प्लग सगळे सारखे. मतदान गुप्त.

सगळे सारखे, पण तपासनीस सोडून. प्लगचं टोक बघून इंजिनाची नाडी कळते. पेट्रोल जास्त जात असेल तर काजळी धरते, कमी जात असेल तर पांढरं पडतं, तेल वर येत असेल तर चिकट ओलं होतं. कोणाची गाडी काय खाते आणि काय ओकते, हे थांबारावांना तोंडपाठ होतं. सव्वीस वर्षं मतमोजणी तेच करत आले होते, आणि सव्वीस वर्षं कोणी कोणाला शब्द देऊन कोणाच्या डब्यात प्लग टाकला, हे त्यांना कळत आलं होतं. एकदा सख्ख्या भावानं भावाला पाडलेलं त्यांनी मोजलं होतं आणि चेहरा न हलवता आकडा सांगितला होता. बायकोलाही कधी बोलले नव्हते. हे एवढं ओझं पोटात घेऊन हिंडणाऱ्या माणसाला खरं तर क्लबानं बसायला गादी द्यायला हवी होती.

या वेळी ते उमेदवार, म्हणून मोजायला घड्याळवाले बसले. पण मोजणी टेबलावर सगळ्यांदेखत होते. आधी शोरूमवाल्याचा डबा वर्तमानपत्रावर पालथा झाला. घड्याळवाले एकेक प्लग उचलून बाजूला ठेवू लागले. थांबाराव दुसरीकडे बघायचं ठरवून आले होते. डोळ्यांनी ऐकलं नाही. काजळीचे, चिकट, पांढरट, एकेक माणूस टेबलावर मांडला जात होता. खांद्यावर हात ठेवणाऱ्यांतले निम्मे तिथंच होते. थांबारावांना राग आला नाही, उलट जीव हलका झाला. लेकीचा प्लग यातच असणार, याविषयी त्यांना शंका नव्हती. तो दिसला की बरं वाटेल, असं ते स्वतःला सांगत होते.

"अठ्ठावीस," घड्याळवाले म्हणाले.

त्या अठ्ठावीसांत तो नव्हता.

बाकी किती राहिले ते लहान मुलालाही सांगता आलं असतं. हॉलमध्ये गलका सुरू झाला. घड्याळवाल्यांनी नियमाप्रमाणे दुसरा डबा पालथा केला. एकोणतीस प्लग गडगडत आले, आणि त्यांत अठ्ठावीस मेलेले होते. एक जिवंत होता. टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं, कडा स्वच्छ, तारेच्या ब्रशानं नुकताच घासलेला. असा रंग यायला हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण केसाइतकं बरोबर लागतं. तो रंग आणायला त्यांनी तिला दोन वर्षं शिकवलं होतं. तिनं घरातला जुना प्लग आणला नव्हता. चालत्या गाडीतून काढून आणला होता.

लोक उठून हात मिळवत होते. शोरूमवाल्यानं मिठी मारली. बायको सभासद नव्हती, ती मागच्या खुर्चीवर डोळ्यांना पदर लावून बसली होती. थांबारावांनी लेकीला शोधलं. ती भिंतीशी खुर्च्यांची चळत रचत होती. या कामाला एरवी कोणी सापडत नाही.

घरी पोचल्यावर ते आधी जिन्याखाली गेले. इंजिनाच्या डोक्यावर, जिथं प्लग असतो तिथं, भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा घट्ट बसवलेला होता. आत धूळ जाऊ नये म्हणून. लेक मागून येऊन उभी राहिली.

"असं का केलंस?"

"मत गुप्त असतं, बाबा."

"मला दिसतं."

"मलाही माहिती होतं तुम्हाला दिसतं." ती पायरीवर बसली. "मागच्या वर्षी मी घसरत होते ना, तेव्हा मला तो माणूस दिसत होता. पिवळा झेंडा काखेत धरून उभा. त्याला काहीच कळत नव्हतं. मला पडल्याचं काही नाही वाटलं, पण त्याच्याकडे बघून फार एकटं वाटलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे. बरोबर म्हणणाऱ्याला मत द्यायचं असतं."

"मी राजीनामा देतो."

"मग शोरूमवाले काका येतील. मी पळेन. आणि तिथं उभं कोण राहील?"

हा त्यांचाच प्रश्न होता, गेले तीन महिने ते तोच सगळ्या गावाला विचारत हिंडत होते. बायको वरून हाक मारत होती, तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी उत्साह होता. थांबारावांना त्या उत्साहाचाही राग धरता येईना, कारण रात्री ती तीस पावलं तिलाही दिसत असणार. त्यांना काहीतरी आवळावंसं वाटत होतं, पण गाडीचा एकही नट सैल नव्हता.

पुढे त्यांनी करायचं ते सगळं केलं. नियम बदलता येतो का पाहिलं. दोन तृतीयांश मतं लागत होती, आणि शोरूमवाल्यानं मोठ्या मनानं ती गोळा करून द्यायची तयारीही दाखवली. घड्याळवाले फक्त काठी टेकत उठून उभे राहिले. त्यांच्या कंबरेकडे बघून थांबारावांनीच तो विषय परत घेतला. मग त्यांनी तीन रविवार झेंड्यांचे वर्ग घेतले. प्रत्येक सभासदाला चढावर उभं करून, रस्त्यावर कुठं पाणी आणि कुठं तेल ओतून, ओळखायला लावलं. "झेंडा हातात आहे तोवर ट्रॅककडे पाठ करायची नाही," ते सांगत. "कोणी हाक मारली तरी वळायचं नाही." लोक कुरकुरले, पण आले. न सांगता दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसायची ती लेक. तिला यायची गरज नव्हती. जो पळतो त्यानं उभं राहायचं होतं.

मोसमाची पहिली शर्यत एका रविवारी सकाळी होती. थांबाराव पहिल्यांदाच मनोऱ्यावर चढले. शेडमध्ये दुसराच कोणीतरी गाड्या तपासत होता, आणि तो भराभर "जा, जा" म्हणत असल्याचं त्यांना वरून ऐकू येत होतं. शेजारी घड्याळवाले घड्याळं मांडून बसले होते. थांबारावांनी घंटेची दोरी हातात घेतली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. तिसऱ्या वळणाची जागा लेकीनं मागून घेतली होती.

मनोऱ्यावरून तिची फक्त पाठ दिसत होती. एक खांदा जरासा खाली, हाड जुळताना राहिला होता तसा.

बावीस गाड्या सुटल्या. दुसऱ्या फेरीत चढापलीकडे एकाच्या गाडीतून तेल गळलं. मनोऱ्यावरून ते कोणाला दिसलंही नसतं, पण तिचा पिवळा झेंडा तत्क्षणी वर गेला, आणि माथ्यावर येणारी एकेक गाडी हळू झाली, कडेनं निघून गेली. कोणी पडलं नाही.

"पोरीनं छान पकडलं," घड्याळवाले म्हणाले. "तुमचं खरं होतं."

"हो," थांबाराव म्हणाले.

तेल पुसून झालं, झेंडा खाली आला, गाड्या पुन्हा वेगात यायला लागल्या. तेव्हा दुर्बिणीतून त्यांना तिचा उजवा पाय दिसला. त्या काळच्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाशी असतो. चढावर गाडीचा आवाज आला की तिचं पाऊल जमिनीवर जरासं दबायचं, माथ्यावर गाडी आली की उचललं जायचं, ती पलीकडे उतरली की पुन्हा दबायचं. तिला ते माहीतही नसावं. प्रत्येक गाडीला, उरलेल्या एकवीसच्या एकवीस गाड्यांना, फेरीमागून फेरी, तिचा पाय हवेत गिअर टाकत होता.

आपण तिला वाचवलं की बुडवलं, ते थांबारावांना कळेना. तिनं एकदा वळून बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं, पण ती चांगली शिकली होती. शर्यत संपेपर्यंत ते दोरी धरून तिच्या पाठीकडे बघत बसले.